सहा पेढ्या, एक तपासणी टेबल : उपकरणं कोणती घ्यावीत, नियम कसे असावेत?

ठाकूरद्वार_नाका
नमस्कार मंडळी. गिरगाव ते दादर या पट्ट्यातल्या सहा सराफी पेढ्या मिळून खडे तपासायचं एक सामायिक टेबल सुरू करायचं म्हणताहेत. सोन्याच्या बाबतीत हॉलमार्कने बराच गोंधळ मिटवला. दागिन्यावर बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह, २२के९१६ सारखा शुद्धतेचा आकडा आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे ओळख क्रमांक असतो, आणि १ एप्रिल २०२३ पासून एचयूआयडीशिवाय विक्रीच करता येत नाही. गिऱ्हाईक दुकानात उभ्या उभ्या मोबाइलवर तो क्रमांक पडताळतं. खड्याला मात्र असा सक्तीचा ठसा नाही. त्याच दागिन्यातला माणिक काचभरीव (भेगांत काच भरलेला) निघाला, तर हॉलमार्क त्याबद्दल काहीच सांगत नाही.
प्रश्न तीन आहेत. पहिला, सुरुवातीला कोणती उपकरणं घ्यावीत? दुसरा, सहा जणांनी एकत्र यायचं तर कायदेशीर स्वरूप कोणतं? तिसरा, व्यवसायातल्या मोठ्या संघटनांचं सदस्यत्व घेऊन लहान पेढीला प्रत्यक्षात काय मिळतं? येणारा माल मुख्यतः राशीचे खडे आणि मोडीत आलेले जुने दागिने. किमती नकोत, त्या दुकानागणिक बदलतात. काय लागतं आणि कुठे चुकतं, ते लिहा.

कसवटी
उपक्रम उत्तम आहे. खरेदी या क्रमाने करा.
१० पटीचं भिंग प्रत्येकाकडे असतंच, पण ते तिहेरी काचेचं हवं. साध्या भिंगात कडेला रंगीत किनार दिसते आणि खड्यातल्या रंगाचा अंदाज चुकतो. त्यानंतर ०.००१ कॅरेटपर्यंत वाचणारा काटा घ्या, वाऱ्यापासून आडोसा देणाऱ्या काचेच्या पेटीसकट. तिसरा रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे खड्यात प्रकाश किती वळतो तो अंक (अपवर्तनांक) वाचणारं यंत्र, सोडियम प्रकाशासह. त्यानंतर पोलॅरिस्कोप आणि डायक्रोस्कोप (खड्यात प्रकाश दुभंगतो का, दोन रंग दिसतात का ते पाहायला), रंग गाळून दाखवणारा चेल्सी फिल्टर आणि लांब-आखूड दोन्ही तरंगांचा अतिनील दिवा. सूक्ष्मदर्शक शेवटी घेतलात तरी चालेल, पण घ्याल तो काळ्या पार्श्वभूमीचा प्रकाश देणारा, १० ते ४० पटींचाच घ्या. सगळ्यात जास्त निकाल त्यावरच लागतात.
रिफ्रॅक्टोमीटरची काच शिशाची आणि मऊ असते. खडा तिच्यावर चिमट्याने ठेवायचा नाही, बाजूच्या धातूवर ठेवून बोटाने सरकवायचा. संपर्कद्रव टाचणीच्या टोकाएवढं पुरतं. जास्त घातलं तर बारीक खडा द्रवावर तरंगतो आणि सावलीची रेघ धूसर होते. द्रवाचा स्वतःचा अंक १.८१ च्या आसपास, त्यामुळे त्याहून वरचं काही वाचता येत नाही. हिरा आणि हिऱ्यासारखे दिसणारे झिरकोनिया, मॉइसनाइट, सगळेच 'वर गेले' एवढंच कळतं. काम झालं की काच लगेच पुसा. द्रव वाळला तर स्फटिक धरतात आणि ते पुसताना काचेवर ओरखडे उठतात. हे द्रव विषारी आहे. हात धुतल्याशिवाय चहा घेऊ नका.

निळी_झाक
वाचतेय. पुष्कराजावर सविस्तर कुणीतरी लिहा, रोजचं भांडण तिथेच होतं.

अष्टपैलू
निळी_झाक, पुष्कराज म्हणून आलेला खडा खरा कोणता हे ओळखायला या तीन ओळी टेबलावर चिकटवून ठेवा.
पिवळा नीलम म्हणजे कुरुंद (माणिक आणि नीलम ज्याचे असतात ते खनिज): अपवर्तनांक १.७६२–१.७७०, विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या किती पट जड) ४.००.
टोपाझ: १.६१९–१.६२७, गुरुत्व ३.५३.
सुनेला म्हणजे सिट्रीन: १.५४४–१.५५३, गुरुत्व २.६५.
कसवटी यांनी सांगितलेल्या काट्यावरच पाण्यातलं वजन घेता येतं. भांडं वजनाच्या पाट्याला टेकणार नाही अशा पुलावर ठेवा आणि खडा तारेच्या झोळीत टाकून पाण्यात बुडवा. हवेत ४.२० कॅरेट आणि पाण्यात ३.१५ भरला, तर फरक १.०५. ४.२० भागिले १.०५ म्हणजे ४.००, कुरुंद. तेवढ्याच वजनाचा सुनेला पाण्यात साधारण २.६२ भरेल.
चूक होते ती लहान खड्यात. ०.३० कॅरेटच्या कुरुंदाचा फरक जेमतेम ०.०७५ येतो. झोळीला एक बुडबुडा चिकटून ०.०१ ची चूक झाली की भागाकार ३.५३ येतो, आणि नीलमाचा टोपाझ होतो! पाणी उकळून गार केलेलं घ्या, त्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाका, पंखा बंद ठेवा. एक कॅरेटच्या खाली हा प्रयोग करूच नका, रिफ्रॅक्टोमीटरवर विश्वास ठेवा.

भुलेश्वर_४थी_गल्ली
थोडा विरोधी सूर लावतो. एवढा खटाटोप कशाला? मुंबईत प्रयोगशाळांची वाण नाही. खडा पाठवा, कागद घ्या, गिऱ्हाइकाच्या हातात द्या. सहा पेढ्यांनी स्वतःच तपासून सांगितलं, तर गिऱ्हाईक म्हणणार की विकणाराच परीक्षक झाला.

कसवटी
भुलेश्वर, शेवटचा मुद्दा रास्त आहे. म्हणूनच या टेबलाने गिऱ्हाइकाला कागद द्यायचाच नाही. टेबल आहे ते खरेदी करताना आणि माल कारागिराकडे देण्याआधी पेढीला स्वतःला कळावं म्हणून.
आणि मर्यादा आधी लिहून ठेवा. हा दगड कुरुंद आहे हे टेबल छातीठोकपणे सांगू शकतं. तो निसर्गात झाला की भट्टीत, हे बहुतेक वेळा सूक्ष्मदर्शक सांगतो. ज्योतीत वाढवलेला कुरुंद, जी पद्धत व्हर्नुईने १९०२ मध्ये जाहीर केली, तो अपवर्तनांकात आणि गुरुत्वात अगदी नैसर्गिकासारखाच असतो. फक्त आत वाढीच्या रेषा वळणदार दिसतात आणि कधी हवेचे बुडबुडे. पिवळ्यात या रेषा फारच पुसट असतात, तिथे खडा द्रवात बुडवून खालून निळी काच लावा. पण बेरिलियम विसरण करून, म्हणजे खडा बेरिलियमसोबत तापवून आणलेला रंग? तो टेबलावर कळत नाही. त्याला लेझरने सूक्ष्म कण उडवून मूलद्रव्यं मोजणारी यंत्रणा लागते. असा संशय आला की मोठी प्रयोगशाळा. वीस खडे आले तर अठरांचा निकाल टेबलावर लागावा आणि दोन बाहेर जावेत, एवढ्यासाठीच हा खटाटोप.

भिंगवाली
माणिकाबद्दल थोडं, कारण सहा पेढ्यांचं सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं.
शिशाची काच भरलेला माणिक ओळखायला भारी यंत्र लागत नाही. खडा भिंगाखाली हळूहळू फिरवा. भेगेच्या दिशेने पाहताना निळी किंवा नारिंगी झळक चटकन येऊन जाते, भेगेत चपटे बुडबुडे दिसतात आणि पृष्ठभागावर परावर्तित प्रकाशात काचेची रेघ माणिकापेक्षा मंद चमकते. माणिक कठीण, काच मऊ, म्हणून पॉलिश दोन्हीकडे सारखं बसत नाही.
आता हे का महत्त्वाचं? अंगठी मोठी करायला आली, कारागिराने खडा न काढता झाळ दिली, तर काच वितळून थेंबाथेंबाने बाहेर येते. मग तेजाबात टाकली तर उरलेली काच खाऊन जाते. गिऱ्हाईक म्हणणार, आमचा माणिक तुम्ही जाळलात. म्हणून नियमच करा की दुरुस्तीला आलेला प्रत्येक लाल खडा आधी टेबलावर, मग कारागिराकडे.
पाचूचं तसंच. पाचूत तेल किंवा राळ असतेच असं धरून चाला. अल्ट्रासॉनिक यंत्रात पाचू घालायचा नाही, भेगेतलं तेल निघून जातं आणि दडलेली भेग उघडी पडते. अतिनील दिव्यात भेगेतलं तेल पिवळसर चमकलं तर सोपं, पण न चमकलं म्हणून तेल नाही असं होत नाही. चेल्सी फिल्टरवरही एकट्याने विसंबू नका. कोलंबियाचा पाचू त्यातून बहुधा लालसर दिसतो, झांबियाचा लोहामुळे बऱ्याचदा हिरवाच राहतो. फिल्टरमधून हिरवा दिसला म्हणून कुणी खोटा ठरवला तर भलत्याच माणसावर आळ.

निळी_झाक
भिंगवाली ताई, हे छापून कारागिराच्या बैठकीसमोर लावायला हवं. मनापासून धन्यवाद.

खातेवही
दुसऱ्या प्रश्नाकडे येतो.
सहकारी संस्था करता येणार नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० खाली किमान दहा माणसं लागतात आणि तीही वेगवेगळ्या कुटुंबांतली. सोसायटी नोंदणी अधिनियम १८६० खाली सात जण लागतात, आणि आपल्या राज्यात तिची नोंद सार्वजनिक न्यास म्हणूनही करावी लागते. धर्मादाय आयुक्तांकडे दरवर्षी हिशेब, बदल अर्ज, सगळं आलं. शिवाय उद्देश शास्त्रीय किंवा शैक्षणिक असावा लागतो, सहा पेढ्यांचं खासगी काम त्यात नीट बसत नाही.
सहा जणांना सोयीची आहे एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी. दोन भागीदारांपासून होते, जबाबदारी मर्यादित राहते आणि उपकरणं संस्थेच्या नावावर राहतात. उद्या एक पेढी बाहेर पडली तर सूक्ष्मदर्शक कुणाचा हा वाद उरत नाही. बाहेर पडणाऱ्याला किती परत द्यायचं, घसारा कसा धरायचा, ते करारात पहिल्या दिवशीच लिहा.
सभासदांकडून वर्गणी घेतली की ती करमुक्त, असा समज सोडा. आपणच आपल्याला सेवा देतो हा युक्तिवाद जीएसटीत चालत नाही. २०२१ च्या वित्त कायद्याने कलम ७ मध्ये दुरुस्ती करून संस्था आणि तिचे सभासद या दोन वेगळ्या व्यक्ती धरल्या, तेही १ जुलै २०१७ पासून. सेवांची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणी लागत नाही, पण हिशेब मात्र ठेवा.

मुंबादेवी_मागे
सहा सराफ एका टेबलाशी बसले की सातवा दुसऱ्या दिवशी विचारायला येतोच. मग सोसायटीला हवे तितके झालेच की! :)

खातेवही
मुंबादेवी, सातवा आला तरी एलएलपीतच घ्या. :)

जांगडचिठ्ठी
खडा एका पेढीतून टेबलावर जातो तेव्हा तो कुणाच्या ताब्यात, याबद्दल कुणीच लिहिलेलं नाही, आणि मैत्री तिथेच तुटते.
बाजारात जांगडावर माल देतात तेव्हा चिठ्ठीवर साफ लिहिलेलं असतं की मालकी देणाऱ्याची, घेणाऱ्याला विकायचा किंवा गहाण ठेवायचा हक्क नाही, मागितला की परत. वस्तूविक्री अधिनियम १९३० च्या कलम २४ प्रमाणे पसंतीसाठी दिलेला माल ठरल्या मुदतीत परत आला नाही, तर घेणाऱ्याने तो ठेवून घेतला असं धरतात. म्हणून जांगडावर मुदत हवीच. जीएसटीतही पसंतीसाठी पाठवलेल्या मालाचं बिल माल निघाल्यापासून जास्तीत जास्त सहा महिन्यांत करावं लागतं.
टेबलाची चिठ्ठी मात्र जांगडापेक्षा वेगळी. इथे विक्री नाहीच. डिलिव्हरी चलनावर 'फक्त तपासणीसाठी, विक्री नाही' असं लिहा. चिठ्ठीवर वजन ०.०१ कॅरेटपर्यंत, लांबी-रुंदी-उंची ०.०१ मिलिमीटरपर्यंत आणि दोघांच्या सह्या. सही करण्याआधी खडा भिंगाखाली पाहा आणि टवका, ओरखडा, घासलेली कड जे दिसेल ते लिहा. आधीचा टवका नोंदलेला नसेल तर तो टेबलावरच पडला असं धरलं जाईल, आणि ते साहजिक आहे.
विमा: ज्वेलर्स ब्लॉक पॉलिसी काढून प्रश्न सुटला असं समजू नका. दुकान बंद झाल्यावर तिजोरीबाहेर राहिलेला माल बहुधा झाकला जात नाही. ज्याच्या हाती विश्वासाने दिला त्यानेच लांबवला, तर तेही बहुतेक करारांत वगळलेलं असतं. स्टॉक मोजताना कमी भरला आणि कारण सापडलं नाही, तेही वगळलेलं. म्हणून टेबलावर खडा रात्रभर ठेवायचा नाही. संध्याकाळी निकाल लागो न लागो, माल ज्याचा त्याच्या तिजोरीत.

ठाकूरद्वार_नाका
जांगडचिठ्ठी, हा मुद्दा आमच्या मसुद्यात नव्हताच. फार आभार. कुणी पाठवला तो खडा आहे हे परीक्षकाला कळू नये, असंही वाटतं. कसं करावं?

जांगडचिठ्ठी
पुडीवर पेढीचं नाव नको, फक्त क्रमांक. नावाची वही दुसऱ्याच माणसाकडे. दोन परीक्षकांनी एकमेकांचे आकडे न पाहता तपासायचं आणि दोन्ही नोंदी जुळल्या तरच निकाल.

नथ_आणि_तन्मणी
अवांतर, पण मोडीत येणाऱ्या जुन्या नथींबद्दल. प्रत्येक घरातली नथ 'बसरा मोत्यांची', म्हणजे अस्सल नैसर्गिक मोत्यांची असते. टेबलावर एक सोपी गोष्ट पाहता येते. मोत्याच्या भोकात बारीक प्रकाश टाकून सूक्ष्मदर्शकाने आत बघा. मण्यावर वाढवलेल्या संवर्धित मोत्यात बाहेरचा थर आणि आतला शिंपल्याचा मणी यांच्यामधली गडद रेघ बरेचदा स्पष्ट दिसते. ती दिसली की निकाल लागला. पण नाही दिसली म्हणून बसरा म्हणू नका, मण्याशिवाय वाढवलेले संवर्धित मोतीही असतात. त्यासाठी क्ष-किरणच लागतात. आणि मोती तेजाबाजवळ नेऊ नका, लिंबानेही त्याचा थर खातो. नथ तारेची असेल तर मोती उतरवूनच दुरुस्तीला द्या.

पंचरत्न_ते_बीकेसी
तिसऱ्या प्रश्नावर कुणी आलं नाही, म्हणून लिहितो.
संघटना एकाच कामाच्या नसतात, ही पहिली गोष्ट. १९६६ ची जेम अँड ज्वेलरी एक्स्पोर्ट प्रमोशन कौन्सिल निर्यातीसाठी. देशातल्या दुकानदारांसाठी ऑल इंडिया जेम अँड ज्वेलरी डोमेस्टिक कौन्सिल. सोन्या-चांदीच्या भावासाठी इंडिया बुलियन अँड ज्वेलर्स असोसिएशन. ती १९१९ मध्ये बॉम्बे बुलियन असोसिएशन म्हणून सुरू झाली आणि सरकारी सुवर्णरोख्यांची किंमत तिच्याच भावांच्या सरासरीवरून काढली जायची. शिक्षणासाठी मुंबईतच १९७१ पासून जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया आहे. सहा पेढ्यांनी दोन जणांना नीट शिकायला पाठवलं, तर निम्मं काम तिथेच झालं.
हिऱ्याच्या बोर्सचं, म्हणजे सभासदांच्या संघटित बाजाराचं वेगळंच आहे. ऑपेरा हाऊसच्या गल्ल्यांमधला बाजार २०१० मध्ये बीकेसीच्या (वांद्रे-कुर्ला संकुलातल्या) भारत डायमंड बोर्समध्ये गेला. बोर्सची खरी ताकद इमारतीत नाही, लवादात आहे. १९४७ ला स्थापन झालेल्या जागतिक महासंघाशी जोडलेल्या बोर्समध्ये सभासदांचं भांडण आधी बोर्सच्या लवादाकडे जातं, कोर्टात नाही. निकाल न पाळणाऱ्याचं सदस्यत्व जातं आणि ते इतर बोर्सना कळतं. कोट्यवधींचा माल शब्दावर हातोहात फिरतो तो त्यामुळेच. सहा पेढ्यांनी हे एवढं उचलावं: पहिल्याच करारात लवाद कोण आणि किती दिवसांत निकाल, हे लिहावं.
लहान पेढीला सर्वांत फुकट आणि सर्वांत उपयोगी काय मिळतं विचाराल, तर सिब्जोची निळी पुस्तकं. जगभरच्या ज्वेलरी संघटनांचा हा महासंघ, २०२३ चं अधिवेशन जयपूरला झालं. हिरे, रत्नं, मोती, पोवळं, धातू, प्रयोगशाळा, प्रत्येकासाठी वेगळं पुस्तक आणि प्रत्येकात कोणत्या मालाला काय म्हणायचं आणि काय म्हणायचं नाही, ते स्पष्ट. जालावर कुणीही उतरवून घेऊ शकतं.

घडणावळ_हवी
संघटनेने खरं तर एकच काम करावं. घडणावळ सगळ्यांनी एकच लावावी. एकाने कमी केली की शेजाऱ्याला करावी लागते, आणि शेवटी मार बसतो कारागिराच्या मजुरीला. टेबलाच्या निमित्ताने सहा पेढ्यांनी किमान दर ठरवावा.

खातेवही
घडणावळ, कारागिराच्या मजुरीबद्दलची तुमची कळकळ पटते, पण हे करू नका. स्पर्धा अधिनियम २००२ च्या कलम ३(३) प्रमाणे एकाच धंद्यातल्यांनी मिळून दर ठरवणं हे स्पर्धेला घातकच, असं कायदा धरून चालतो. तसं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर येते. संघटनेच्या बैठकीचं इतिवृत्तच पुरावा ठरतं. तपासणीची पद्धत एक करा, शब्द एक करा, प्रशिक्षण एकत्र द्या. दर ज्याने त्याने. कारागिरासाठी काही करायचंच असेल तर मजुरी किती दिवसांत द्यायची आणि घट (घडवताना कमी भरणारं सोनं) किती मान्य, हे प्रत्येक पेढीने आपापल्या कारागिराशी लेखी करावं.

झारेकरी_गल्ली
घटीचा विषय निघालाच आहे तर. सहा पेढ्यांच्या कारागिरांच्या बैठकांवरचा, सोन्याचे कण असलेला केर एकत्र गाळायला द्यायचा विचार कधीतरी येणारच, खर्च कमी होतो. पण एकत्र करण्याआधी प्रत्येकाचा वेगळा तपासा. केर जाळून राख करायची, चाळायची, चुंबक फिरवून कानशीचं लोखंड काढायचं, नीट कालवून चौथाई-चौथाई करत नमुना घ्यायचा आणि त्या नमुन्याचा कस कपेलेशनने (शिशासोबत भट्टीत वितळवून) काढायचा. क्ष-किरणांचं यंत्र पृष्ठभागच वाचतं, राखेला ते पुरेसं नाही. प्रत्येकाचा कस गुणिले वजन लिहून घेतलं की मग एकत्र करा. उलट्या क्रमाने केलंत, तर कुणाचं किती निघालं हे कुणालाही कधीच सांगता येणार नाही.

पाचू_नव्हे_पन्ना
पंचरत्न यांनी शब्दांचा मुद्दा काढला, तो या धाग्याचा गाभा आहे असं मला वाटतं. उपकरणं विकत मिळतात. सहा पेढ्यांनी एकच शब्द एकाच अर्थाने वापरायचा, हे विकत मिळत नाही.
उदाहरण घ्या. 'पुष्कराज' हा शब्द पुस्तकात टोपाझसाठी आणि बाजारात पिवळ्या नीलमासाठी. एका पेढीच्या बिलावर पुष्कराज म्हणजे कुरुंद आणि पलीकडच्या बिलावर टोपाझ असेल, तर दोघांनी अगदी खरं लिहूनही गिऱ्हाईक फसतं. 'उपरत्न' म्हणजे काय? सुनेलाही उपरत्न आणि रंगीत काचही उपरत्न म्हणून खपते. 'ओरिजिनल' तर बिलावर येऊच नये.
मोठ्या प्रयोगशाळांनाही हीच अडचण होती. म्हणून जीआयए, गुबेलिन, एसएसईएफ, थायलंडची जीआयटी वगैरे प्रयोगशाळांनी मिळून एक सुसूत्रीकरण समिती केली. पाचूतल्या तेलाचं प्रमाण किरकोळ, मध्यम की लक्षणीय, माणिकातल्या काचेला काय म्हणायचं, कोणत्या नारिंगी-गुलाबी नीलमाला 'पद्पराद्शा' हे नाव द्यायचं, याचे मसुदे त्यांनी जाहीर केलेत. एकमेकांचे स्पर्धक एका टेबलाशी बसून शब्द ठरवतात, तर गिरगाव-दादरला काय अवघड आहे?
माझा प्रस्ताव असा. बिलावर प्रत्येक खड्यासमोर तीन रकाने. पहिल्यात जात: कुरुंद, बेरिल (पाचूचं खनिज), टोपाझ, क्वार्ट्झ (सुनेल्याचं खनिज), काच. बाजारी नाव हवं तर त्याच्याशेजारी. दुसऱ्यात उगम: नैसर्गिक, प्रयोगशाळेत वाढवलेला किंवा 'तपासलेला नाही'. तिसऱ्यात प्रक्रिया: तापवलेला, तेल भरलेला, काच भरलेला, रंगवलेला किंवा 'तपासलेली नाही'. 'तपासलेला नाही' हे लिहायला कुणी लाजू नये. न तपासता 'नैसर्गिक' लिहिण्यापेक्षा ते शंभर पटींनी बरं. आणि सोन्याचं निव्वळ वजन खड्याशिवायचं, वेगळं.

अष्टपैलू
+१. रकाना क्रमांक दोन फार मोलाचा. एक भर घाला: हिऱ्याच्या बाबतीत नुसतं 'हिरा' लिहिलं की तो नैसर्गिकच, असं आयएसओ १८३२३ हे २०१५ चं मानक सांगतं. वाढवलेला असेल तर ते त्याच ओळीत, तेवढ्याच अक्षरांत लिहायचं. तळटीप नको.

भुलेश्वर_४थी_गल्ली
तीन रकाने पटले. टेबल गिऱ्हाइकाला कागद देणार नसेल तर माझा विरोध मागे. पण हिऱ्याचं काय? चाचणी पेन सगळ्यांकडे आहे.

कसवटी
भुलेश्वर, ते पेन उष्णता किती वेगाने वाहते एवढंच पाहतं. झिरकोनिया ते पकडतं. प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा हा हिराच, त्यामुळे पेन त्याला 'हिरा' म्हणणार आणि ते बरोबरच आहे. मॉइसनाइटही उष्णता जोरात वाहतो, म्हणून जुनं पेन त्यालाही फसतं. मॉइसनाइटसाठी भिंग पुरतं. वरच्या मोठ्या सपाट पैलूतून सरळ नव्हे, बाजूच्या पैलूतून तिरकं पाहा, मागच्या कडा दुहेरी दिसतात. हिऱ्यात तसं कधीच होत नाही.
वाढवलेल्यासाठी वेगळं छाननी यंत्र लागतं. बहुतांश नैसर्गिक हिऱ्यांत नायट्रोजन असतो आणि तो आखूड अतिनील किरण अडवतो. वाढवलेला पांढरा हिरा ते किरण आरपार जाऊ देतो. यंत्र त्यावरून 'पास' किंवा 'पुढे पाठवा' एवढंच सांगतं. 'पुढे पाठवा' म्हणजे खोटा नव्हे, काही नैसर्गिक हिरेही नायट्रोजनविरहित असतात. बारीक हिऱ्यांच्या पुडीत नमुना म्हणून दहा नग तपासून अख्खी पुडी पास करू नका. मिसळ करणारा नेमके तेवढेच वरती ठेवत नाही. सगळे तपासा. जडलेल्या दागिन्यात कोंदणाची सावली पडून यंत्र चुकतं, तिथे निकाल 'तपासलेला नाही' असाच लिहा.

ठाकूरद्वार_नाका
सगळ्यांचे मनापासून आभार. आमच्या बैठकीत जे ठरलं ते सांगतो. एलएलपी करायची, लवाद करारातच. गिऱ्हाइकाला कागद द्यायचा नाही. तीन रकाने सहाही बिलबुकांत पुढच्या छपाईपासून. क्रमांकाच्या पुड्या, वही वेगळ्या माणसाकडे. दोन जण शिकायला जाणार, त्यांची फी सहा वाटे. हिऱ्याचं छाननी यंत्र सध्या नाही, हिरे बाहेरच तपासायचे.
दोन गोष्टी राहिल्यात. दोन परीक्षकांचे आकडे जुळले नाहीत तर? आणि टेबल जून महिन्यात सुरू होणार, पावसाळा तोंडावर आहे. उपकरणांचं काय?

जांगडचिठ्ठी
जुळले नाहीत तर तिसऱ्याला विचारून बहुमत घेऊ नका. खड्याला मतदान नसतं. दोघांनी आपापल्या नोंदी समोरासमोर ठेवून तोच प्रयोग एकत्र पुन्हा करायचा. तरीही फरक राहिला तर खडा बाहेरच्या प्रयोगशाळेत, खर्च एलएलपीचा. निकाल आला की तो दोन्ही नोंदींसह वहीत. सहा महिन्यांत तीच वही तुमचं सगळ्यात चांगलं पाठ्यपुस्तक होईल.

भिंगवाली
माहिती असलेले पाच-सहा खडे विकत घेऊन टेबलावर कायम ठेवा: एक नैसर्गिक कुरुंद, एक भट्टीतला, एक काचभरीव माणिक, एक टोपाझ, एक सुनेला, एक काच. रोज सकाळी रिफ्रॅक्टोमीटरवर आधी त्यातला एक वाचायचा. आकडा बरोबर आला तरच दिवसाचं काम सुरू. यंत्र बिघडलं की द्रव खराब झालं, हे गिऱ्हाइकाच्या खड्यावर कळू नये.

कसवटी
पावसाळ्याचं सांगतो. मुंबईच्या दमट हवेत सूक्ष्मदर्शकाच्या भिंगांवर बुरशी धरते. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात आणि काचेवरचा लेप कायमचा खाल्ला जातो, पुसून जात नाही. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांवर ठेवणारं बंद कपाट घ्या आणि आत दहा रुपयांचा नव्हे, नीट चालणारा आर्द्रतामापक ठेवा. कपाट जमत नसेल तर हवाबंद डबा आणि सिलिका जेल. निळे दाणे गुलाबी झाले की १२० अंशांवर तापवून परत निळे करायचे. नारिंगीचे हिरवे होणारे मिळाले तर तेच घ्या, निळ्यात कोबाल्टचं मीठ असतं. प्लास्टिकचं आवरण घालून सूक्ष्मदर्शक झाकू नका, आत घाम साचतो, सुती कापड घाला.
काट्याची पातळी रोज पाहा. बुडबुडा मधोमध आहे ना, आणि प्रमाणित वजन ठेवून आकडा. काट्यावर माल विकायचा असेल तर वैधमापन खात्याचा शिक्का दरवर्षी.

मुंबादेवी_मागे
संपर्कद्रवाची बाटली कुठे ठेवायची?

कसवटी
गडद काचेची बाटली, अंधारात, झाकण घट्ट. आत तांब्याच्या तारेचा छोटा तुकडा टाकून ठेवा. उजेडाने सुटलेलं आयोडीन तांबं धरून ठेवतं आणि द्रव काळं पडत नाही. आणि बाटलीवर 'विष' असं मराठीत मोठ्या अक्षरांत लिहा, झाडूपोछा करणाऱ्या मावशींनाही वाचता येईल असं.